अध्यक्षांच्या सौभाग्यवती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींविषयी बोलेन. त्यांनी ते वहीत टिपून घेतले खरे, पण त्यांच्या मनात काय आले ते मला दिसले. गेल्या वर्षी मधुमेहावर व्याख्यान झाले, त्याआधी घरच्या घरी खत कसे करावे यावर झाले. आणि आता या बाई आम्हाला अमेरिकेला घेऊन चालल्या! शंका रास्त आहे. तेव्हा आधीच सांगते की मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे आणि मला राजकारणातले फारसे कळत नाही. पण बाईकडून लोकांना काय हवे असते, हा विषय कळायला राजकारण यावे लागत नाही. सून होऊन एखाद्या घरात चार दिवस काढलेल्या कुणालाही तो कळतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाने काय करावे याला एक अख्खे कलम दिलेले आहे. त्याच्या पत्नीने काय करावे याविषयी तिथे एक अक्षर नाही. राष्ट्राध्यक्षाला २००१ सालापासून वर्षाला चार लाख डॉलर वेतन आहे. तिला एक डॉलरही नाही. तिला कुणी निवडून देत नाही, तिला शपथ नाही, आणि काम नको झाले तर राजीनामा कुणाकडे द्यायचा याचीही सोय नाही. असे असून नवरा निवडून आला रे आला की दुसऱ्या दिवसापासून सारा देश तिच्याकडे पाहू लागतो. ही काय नेसणार, केस कसे ठेवणार, मुलांना कोणत्या शाळेत घालणार, कोणत्या समाजकार्याला हात घालणार, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याच्या कामात लुडबूड करणार की काय! शेवटच्या प्रश्नाला जोडूनच दुसरा येतो: ही नुसती बसून राहणार की काय? हे दोन्ही प्रश्न एकच माणूस एकाच दमात विचारतो, हे ध्यानात ठेवा. माझ्या भाषणाचे निम्मे सार त्यातच आहे.

त्यांच्याकडे नवा राष्ट्राध्यक्ष २० जानेवारीला दुपारी बारा वाजता शपथ घेतो. तो समारंभ चालू असतानाच इकडे व्हाइट हाऊसमध्ये जुन्या कुटुंबाचे सामान निघत असते आणि नव्याचे लागत असते. सगळे पाच-सहा तासांत. एकशे बत्तीस खोल्यांचे घर! आपण दोन खोल्यांतून तीन खोल्यांत गेलो तरी महिनाभर पळीपंचपात्र सापडत नाही. बरे, एवढ्या घरात राहायचे म्हणजे सगळे सरकारी, असेही नाही. सरकारी मेजवानीचा खर्च सरकारचा, पण घरच्या माणसांच्या जेवणाचे वाणसामान आणि कपड्यांची धुलाई यांचे बिल महिन्याच्या महिन्याला कुटुंबाकडे येते. हे ऐकून मला त्या बायांबद्दल थोडी आपुलकी वाटली, खोटे कशाला सांगू.

पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन. १७८९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला नवऱ्याचा शपथविधी झाला तेव्हा बाई तिथे नव्हत्याच. त्या मागाहून गेल्या. आठवड्याला पाहुण्यांची बैठक, ठरलेल्या घरीच जाणे-येणे, आणि प्रत्येक पावलाला लोकांची नजर. त्याच वर्षी त्यांनी घरच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात आपली अवस्था राजकैद्यासारखी झाल्याचे म्हटले आहे. अजून या पदाला नावसुद्धा नव्हते, आणि पहिलीच बाई कैदेची भाषा बोलत होती.

दुसऱ्या अबिगेल अ‍ॅडम्स. १८०० सालच्या नोव्हेंबरात व्हाइट हाऊसमध्ये त्या राहायला गेल्या तेव्हा घर अर्धवट बांधलेले होते. धुणे वाळत घालायला जागा नाही, आणि राष्ट्राध्यक्षांचे कपडे बाहेर लोकांसमोर दोरीवर टाकणे बरे दिसेना, म्हणून बाईंनी दरबारासाठी राखलेल्या मोठ्या दालनात दोऱ्या बांधून धुणे वाळवले. आज त्याच दालनात परदेशच्या पाहुण्यांचे समारंभ होतात. पुढच्या सव्वादोनशे वर्षांतल्या सगळ्या थाटामाटापेक्षा मला ती दोरी जास्त खरी वाटते.

मधली शंभर-सव्वाशे वर्षे मी सोडून देते. त्यात डॉली मॅडिसन आहेत, १८१४ साली इंग्रज सैन्य राजधानी जाळायला आले तेव्हा वॉशिंग्टनचे मोठे चित्र वाचवण्याची व्यवस्था करून मगच घर सोडणाऱ्या. एडिथ विल्सन आहेत. १९१९ च्या ऑक्टोबरात नवऱ्याला पक्षाघात झाल्यावर कोणता कागद त्यांच्यापुढे जावा आणि कोण माणूस भेटावा हे त्या ठरवू लागल्या आणि देशाला आजाराची खरी कल्पना येऊ दिली नाही. ते योग्य झाले असे मी म्हणणार नाही. नवऱ्याची शुश्रूषा निराळी आणि देशाचा कारभार निराळा.

आता एका जोडीविषयी सांगते. एलिनॉर रूझवेल्ट १९३३ ते १९४५ अशी बारा वर्षे त्या घरात होत्या. नवऱ्याचे पाय १९२१ पासून पोलिओने गेलेले, म्हणून त्याच्या वतीने त्या देशभर हिंडत. खाणी, झोपड्या, तुरुंग, काहीही सोडले नाही. शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, ६ मार्च १९३३ रोजी, त्यांनी पत्रकारांची बैठक बोलावली आणि अट घातली की फक्त स्त्री-पत्रकारांनी यावे. देशात मंदी होती, वृत्तपत्रे माणसे कमी करत होती, आणि कमी करायची म्हटले की पहिली कोण जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. पण बाईंची बातमी हवी तर बाईच पाठवावी लागणार! त्या एका अटीने कितीतरी जणींची नोकरी टिकली. अशा तीनशेहून अधिक बैठका त्यांनी घेतल्या. शिवाय १९३५ च्या अखेरीपासून बहुतेक काळ आठवड्यातून सहा दिवस एक छोटा लेख देशभरच्या वृत्तपत्रांतून लिहिला तो १९६२ पर्यंत. यावर लोक काय म्हणाले? ही बाई घरी कधी असते? हिच्या घरचा स्वयंपाक कोण पाहते? (स्वयंपाकाबद्दलची तक्रार मात्र खरी होती. त्या घरच्या जेवणाला पाहुणे भीत असत म्हणतात.)

त्यांच्यामागून १९४५ च्या एप्रिलमध्ये बेस ट्रुमन आल्या. रूझवेल्ट अचानक वारले, ट्रुमन उपाध्यक्षाचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि या बाईंच्या डोक्यावर ते घर येऊन पडले. त्यांनी पत्रकारांच्या बैठका बंद केल्या. प्रश्न लेखी द्या म्हणाल्या, आणि त्यांतल्याही बऱ्याच प्रश्नांना उत्तर म्हणून ‘काही सांगायचे नाही’ एवढेच आले. संधी मिळाली की मिसूरीतल्या आपल्या गावी जाऊन राहत. झाले! कालपर्यंत जे लोक एलिनॉरबाई फार बोलतात म्हणून बोटे मोडत होते, तेच आता म्हणू लागले की ही बाई अगदीच घुमी दिसते, हिला देशाची काही पर्वा नाही.

एलिनॉरबाईंचे आपल्याशी एक नाते आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हाइट हाऊस सुटल्यावर त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. त्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन मेहता, मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असा शब्द होता. त्या शब्दात बायका आल्याच, असे पुष्कळांना वाटे. हंसाबेनना तसे वाटले नाही. त्यांनी आग्रह धरला आणि १९४८ साली मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसे’ असे आले. एलिनॉरबाई १९५२ साली भारतातही येऊन गेल्या. त्या वेळी त्या कुणाच्या पत्नी म्हणून आलेल्या नव्हत्या.

यानंतर जॅकलिन केनेडी. माझ्या आईच्या पिढीने ‘राष्ट्राध्यक्षांची बायको’ म्हणून जिचा फोटो मासिकातून कापून ठेवला ती हीच. नवरा ८ नोव्हेंबर १९६० रोजी निवडून आला, तेव्हा तिचे दिवस भरत आले होते; २५ नोव्हेंबरला शस्त्रक्रिया होऊन मुलगा झाला. २० जानेवारीला शपथविधी. ओली बाळंतीण, वय एकतीस, आणि पहिल्या दिवसापासून टोपीपासून बुटापर्यंत चर्चा. निवडणुकीच्या वेळीच बातमी आली होती की ही बाई पॅरिसच्या कपड्यांवर वर्षाला तीस हजार डॉलर उधळते. तिने उलट सांगितले की आतले कपडेसुद्धा उंची फरचे घातले तरी एवढा खर्च होणार नाही! उत्तर चांगले होते, पण तेवढ्याने भागले नाही. कपडे अमेरिकेत शिवलेलेच दिसले पाहिजेत असे ठरले.

मग तिने एक काम हाती घेतले. त्या घरात जुने सामान जवळजवळ राहिलेच नव्हते. ते शोधून, देणग्या मागून परत आणले. १४ फेब्रुवारी १९६२ रोजी तिने टेलिव्हिजनवर ते घर सगळ्या देशाला हिंडून दाखवले, आणि कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. पुढल्याच महिन्यात ती भारतात आली, बहिणीबरोबर. आग्रा, काशी, उदयपूर, जयपूर असा दौरा झाला, अंबरला हत्तीवर बसली. आपल्याकडच्या बायकांनीही तिचे पोलके आणि केस पाहूनच मत बनवले, हे आपल्याला मान्य केले पाहिजे.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये तिचे तान्हे मूल जन्मून दोन दिवसांत गेले. २२ नोव्हेंबरला तिच्या शेजारी बसलेला नवरा गोळी लागून गेला. अंगावरचे रक्ताने माखलेले कपडे तिने बदलले नाहीत; तशीच ती विमानात नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथेला उभी राहिली. जगाने त्या चार दिवसांत तिला जवळजवळ देवी केले. आणि देवी केले म्हणजे काय केले ते पाच वर्षांनी कळले. १९६८ च्या जूनमध्ये दिराचाही खून झाला. दोन लहान मुले घेऊन या देशात राहण्याची तिला भीती वाटू लागली. २० ऑक्टोबरला तिने ओनासिस नावाच्या ग्रीक जहाजमालकाशी लग्न केले. वय एकोणचाळीस. त्यावर अमेरिकेत आणि युरोपात वृत्तपत्रांनी असा गिल्ला केला की जणू तिने देशाशीच द्रोह केला आहे.

भगिनींनो, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी, म्हणजे आपल्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला तेव्हा मुरुडच्या मंडळींनी त्यांना वाळीत टाकले. आपण समजतो की ती मागासलेल्या कोकणातली, मागच्या शतकातली गोष्ट. पंचाहत्तर वर्षांनी, सगळ्या जगात पुढारलेल्या म्हणवणाऱ्या देशात, एका विधवेने लग्न केले म्हणून हेच चालले होते. फक्त वाळीत टाकण्याचे यंत्र मोठे होते. राष्ट्राध्यक्ष जाऊन पाच वर्षे झाली, त्यांच्या जागी दुसरे आले. पण त्यांच्या बायकोची बदली काही झाली नाही.

आता कपड्यांचा विषय निघालाच आहे तर तो संपवू. १९७७ साली रोझलिन कार्टर यांनी शपथविधीच्या रात्रीच्या समारंभाला जुना झगा घातला. नवरा १९७१ साली जॉर्जियाचा गव्हर्नर झाला तेव्हा घातलेला तोच. आठवणीचा झगा, अंगाला बसतो, पुन्हा घातला. यावर टीका झाली की हा देशाचा अपमान आहे, हिला या पदाचा दर्जाच समजत नाही. चार वर्षांनी नॅन्सी रेगन आल्या, उंची नवा झगा घालून. टीका झाली की गरिबांच्या पोटाला चिमटा बसतो आहे आणि ही मिरवते. त्यांनी घरात जेवणाची नवी भांडी आणली, दोन लाख नऊ हजार डॉलरची. पैसे देणगीदाराने दिलेले, सरकारचे नव्हेत, तरी त्यांची सुटका झाली नाही. शेवटी १९८२ साली त्यांनी पत्रकारांच्याच एका मेजवानीत जुनेपाने, विसंगत कपडे घालून स्वतःच्या फॅशनची टर उडवणारे गाणे म्हटले, तेव्हा कुठे लोक जरा हसले.

माझ्या एका नात्यातल्या बाईंचे यजमान तालुक्याच्या एका संस्थेचे अध्यक्ष झाले. सत्काराला या साधी सुती साडी नेसून गेल्या, तर बायका म्हणाल्या, अध्यक्षांना कवडीचुंबक बायको मिळाली. पुढच्या समारंभाला लग्नातली पैठणी काढली, तर म्हणाल्या, बघा, संस्थेचा पैसा कसा अंगावर चढतो. पैठणी बत्तीस वर्षांपूर्वीची होती हो! त्यांना जॉर्जियाही माहीत नाही आणि नॅन्सीबाईही माहीत नाहीत.

आता मला ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त सांगायचे आहे त्या बेटी फोर्ड. निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. बाईंच्या ध्यानीमनी नव्हते. त्या तर नवरा निवृत्त होण्याची वाट पाहत होत्या. सात आठवडे झाले नाहीत तोच तपासणीत स्तनाला गाठ सापडली. २८ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली, कर्करोग निघाला, स्तन काढावा लागला.

त्या काळी अमेरिकेतसुद्धा हा शब्द मोठ्याने उच्चारत नसत. मृत्यूच्या बातम्यांत ‘दीर्घ आजाराने’ असे छापत. अवयवाचे नाव तर दूरच. अशा वेळी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीकडून काय अपेक्षा असणार? की तिने निमूट बरे होऊन, फुले स्वीकारून, हसरा फोटो द्यावा. बेटीबाईंनी काय झाले ते स्पष्ट सांगायला लावले. कोणता आजार, कोणते ऑपरेशन, काय काढले. पुढच्या आठवड्यांत देशभर बायकांनी तपासणीसाठी दवाखान्यांपुढे रांगा लावल्या. उपाध्यक्षपदासाठी ज्यांचे नाव आले होते त्या रॉकफेलर यांच्या पत्नीलाही या बातमीनंतर स्वतः तपासताना गाठ सापडली. ऑक्टोबरमध्ये त्यांचीही शस्त्रक्रिया झाली. निदान वेळेवर झाले आणि त्या पुढे पुष्कळ वर्षे जगल्या. बेटीबाई स्वतः २०११ पर्यंत, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. व्हाइट हाऊस सुटल्यावर १९७८ साली त्यांच्या घरच्यांनी त्यांना समोर बसवून सांगितले की दारू आणि वेदनाशामक गोळ्या यांचा तुला नाद लागला आहे. त्या उपचाराला गेल्या, आणि हेही जाहीरपणे सांगितले. १९८२ साली अशा रुग्णांसाठी कॅलिफोर्नियात उपचारकेंद्र काढले. ते त्यांच्या नावाने आजही चालते. चांगल्या घरच्या बाईला असे काही असू शकते, हे तोवर कुणी कबूलच करत नव्हते.

हे मी लांबण लावून सांगितले याला कारण आहे. आपल्या मंडळाच्या तपासणी शिबिराला गेल्या खेपेस रक्तदाबासाठी रांग लागली होती आणि त्या दुसऱ्या तपासणीच्या टेबलापाशी डॉक्टरीणबाई एकट्या बसून होत्या. नाव लिहिले तर लोक काय म्हणतील, एवढेच कारण. दुसरे कोणतेही मला दिसले नाही.

कामाच्या बाबतीतही कपड्यांसारखेच. रोझलिनबाई मंत्रिमंडळाच्या बैठकीत मागे बसून टिपणे घेत. त्यावरून केवढा गहजब! मनोरुग्णांसाठी त्यांनी केलेल्या खटपटीतून १९८० साली कायदा झाला, ते मात्र फारसे कुणाला आठवत नाही. हिलरी क्लिंटन वकील होत्या. १९९२ च्या प्रचारात त्या बोलून गेल्या की घरी बसून बिस्किटे भाजता आली असती, पण मी माझा व्यवसाय केला. घरी बसणाऱ्या बायका रागावल्या. मग एका मासिकाने दोन्ही उमेदवारांच्या बायकांकडून बिस्किटांची कृती मागवली आणि वाचकांनी मते दिली! हिलरीबाईंची कृती जिंकली. पुढे त्यांना नवऱ्याने १९९३ साली आरोग्ययोजनेचे काम दिले, ती योजना दुसऱ्या वर्षी बारगळली, आणि लोक म्हणाले, तरी आम्ही सांगत होतो. १९९५ साली त्या अहमदाबादला इलाबेन भट्ट यांच्या ‘सेवा’ संस्थेत येऊन जमिनीवर बसलेल्या बायकांशी बोलल्या. नंतर स्वतः सिनेटवर निवडून आल्या, २०१६ साली राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, आणि हरल्या. बिस्किटांच्या वाक्याने त्यांची पाठ चोवीस वर्षे सोडली नाही.

उलट बार्बरा बुश यांनी कॉलेज सोडून लग्न केले, मुले वाढवली. १९९० साली मुलींच्या एका नामांकित कॉलेजने त्यांना पदवीदानाला बोलावले तर मुलींनीच हरकत घेतली की या बाई नवऱ्याच्या नावावर मोठ्या झाल्या, आमच्यापुढे हा आदर्श नको. बाई आल्या. सोव्हिएत अध्यक्षांच्या पत्नी रायसा गोर्बाचेव्ह यांनाही घेऊन आल्या. (त्या रायसाबाईंना त्यांच्या देशात शिव्या बसत त्या फार पुढे पुढे करतात आणि कपडे चांगले घालतात म्हणून!) भाषणाच्या शेवटी बार्बराबाई म्हणाल्या, की या सभेतलीच कुणी एखादी माझ्यासारखी व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्षांची जोडीदार म्हणून जाईल, त्या जावईबापूंना माझ्या शुभेच्छा. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. हरकत घेणाऱ्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या.

अलीकडचे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून भरभर सांगते. मिशेल ओबामा हार्वर्डच्या वकील. २००९ साली त्यांच्या उघड्या दंडांवर लेख आले. त्यांनी अंगणात शाळेच्या मुलांकडून भाजीचा मळा लावून घेतला. नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबईला आल्या तेव्हा शाळेतल्या मुलांबरोबर कोळीनृत्यावर नाचल्या, ते आपण सगळ्यांनी टी.व्ही.वर पाहिले आणि बाई आपल्यातली वाटली. मेलानिया ट्रम्प २०१७ साली मुलाची शाळा मधेच मोडू नये म्हणून जूनपर्यंत न्यूयॉर्कलाच राहिल्या, तर बंदोबस्ताचा खर्च मोजला गेला. आपल्यातली कुठली आई दहावीच्या, नाही तर पाचवीच्याही वर्षात मुलाची शाळा बदलते? २०२५ च्या जानेवारीत त्या दुसऱ्यांदा आल्या तेव्हा टोपीची कड डोळ्यांवर का होती यावर दोन दिवस खल झाला. मधल्या चार वर्षांत जिल बायडेन होत्या. त्यांनी कॉलेजात शिकवण्याची पगारी नोकरी सोडली नाही. बाहेरची नोकरी चालू ठेवणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांच्या नावामागे ‘डॉक्टर’ आहे, ते त्यांनी काढून टाकावे असा लेख नवरा निवडून आल्यावर पुढच्याच महिन्यात एका मोठ्या दैनिकात आला. पदवी त्यांनी स्वतः मिळवलेली होती.

आपल्या राष्ट्रपतिभवनात हा प्रश्न इतका तीव्र कधी झाला नाही. राधाकृष्णन आले तेव्हा विधुर होते, कलाम अविवाहित, आणि आताच्या द्रौपदी मुर्मू यांचे पती हयात नाहीत. २५ जुलै २००७ रोजी आपल्या खानदेशच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. त्यांचे यजमान देवीसिंह शेखावत स्वतः अमरावतीचे महापौर आणि आमदार राहिलेले. शपथविधीला त्यांनी कोणता कोट घातला होता, तो जुना होता की नवा, हे या सभेत कुणाला आठवत असेल तर हात वर करावा. मलाही आठवत नाही.

पण खाली, आपल्या पायाशी, गोष्ट वेगळी आहे. १९९३ पासून पंचायतींत बायकांना तिसरा हिस्सा मिळाला, २०११ साली महाराष्ट्राने तो निम्मा केला. आणि ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीत आला. अमेरिकेत पद नवऱ्याचे आणि काम बायकोकडून हवे. इथे पद बायकोचे आणि खुर्ची नवऱ्याची. तिकडे तिने बैठकीत टिपणे घेतली तर ओरड होते, इकडे तो बैठकच चालवतो तरी कुणाला वावगे वाटत नाही.

आता आपल्या घरचे. आपल्या मंडळाच्या घटनेत फार जुने एक कलम आहे की नगराध्यक्षांच्या पत्नी या मंडळाच्या पदसिद्ध उपाध्यक्षा असतील. त्या काळी ते सोयीचे होते; सभेला नगरपालिकेचा हॉल फुकट मिळे. यंदा नवे नगराध्यक्ष आले. त्यांच्या पत्नी परिचारिका आहेत, पाळ्यांची नोकरी. तिळगुळाला आल्या नाहीत, तर ‘चढेल’ ठरल्या. नंतर एका गुरुवारी रात्रपाळी करून तशाच आल्या, मागच्या ओळीत बसल्या, तर ‘हिला अध्यक्षांच्या बायकोसारखे वागता येत नाही’ असे ठरले. हे दोन्ही शेरे मी याच हॉलमध्ये ऐकले. त्यांना उपाध्यक्षा व्हायचे आहे का, हे विचारायला मात्र आपल्यापैकी कुणी गेले नाही.

मी परवा गेले होते. त्या म्हणाल्या, उपाध्यक्षपद मला झेपायचे नाही. पण शिबिराच्या त्या टेबलापाशी बसायला मी सुट्टी काढून येईन, माझ्या ओळखीच्या दोघी परिचारिकाही येतील, आणि बायकांना नाव न लिहिता आधी नुसते बोलता येईल अशी आतल्या खोलीत व्यवस्था करा.

ते कलम काढून टाकावे असा ठराव मी चिटणीसबाईंकडे लेखी दिला आहे. येत्या वार्षिक सभेत तो येईल. त्याला अनुमोदन हवे आहे. शिबिर त्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता आहे, आणि आतल्या खोलीची किल्ली मी मागून ठेवली आहे.